पोटॅशियमची पुडी: कॅल्शियमवाली घ्यावी की झिर्कोनियमवाली?

सोमवारी सकाळी डायलिसिसचं मशीन सुरू करण्याआधी सिस्टर रक्त काढतात, त्यातला पोटॅशियमचा आकडा हा आमचा आठवड्याचा निकाल. शुक्रवार ते सोमवार हा दोन डायलिसिसमधला मोठा खंड, आणि त्या दिवसांत पोटात गेलेलं सगळं त्या आकड्यात दिसतं. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि पाणी ओतून द्यायचं, भेटायला कुणी शहाळं आणलं तर हात जोडून परत पाठवायचं, ‘कमी सोडियम’वालं, म्हणजे पोटॅशियम घातलेलं मीठ घरात येऊ द्यायचं नाही, हे डायलिसिसवरच्या कुणालाही वेगळं सांगायला नको. एवढं करूनही माझा आकडा सहाच्या खाली येईना, तेव्हा डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करणारी पुडी लिहून दिली. दीड वर्ष मी जुनी पुडी घेतली, गेलं वर्षभर नवी घेतोय. मी डॉक्टर नाही, तेव्हा हे एका पेशंटचं मत समजून वाचा.

जुनी म्हणजे कॅल्शियम पॉलिस्टायरिन सल्फोनेट. आतड्यात कॅल्शियम सोडायचं आणि पोटॅशियम धरायचं, हे तिचं काम. 15 ग्रॅमची पुडी, मला दिवसातून तीनदा होती. पाण्यात कितीही ढवळली तरी विरघळत नाही. खडूची भुकटी प्यावी तशी लागते आणि शेवटचा घोट दातांत करकरतो. पेला विसळून ते पाणीही प्यावं लागतं, नाहीतर निम्मं औषध तळाशीच राहतं. शिवाय इतर गोळ्या आणि ही पुडी यांत तीन तासांचं अंतर हवं. बीपीच्या, थायरॉइडच्या आणि जेवणासोबतच्या फॉस्फरस कमी करायच्या गोळ्या धरल्या, तर दिवसभर घड्याळाकडे बघत बसावं लागतं. तरी हे सगळं मी चालवून घेतलं होतं. चव काय, सवयीची होते.

चालवून घेता आला नाही तो बद्धकोष्ठ. तीन-तीन, कधी चार-चार दिवस पोट साफ होत नसे. ज्यांच्यावर ही वेळ आली नाही त्यांना हे किरकोळ वाटेल, पण आपल्या बाबतीत ते तसं नाही. इसबगोल घ्यावं तर त्याला भरपूर पाणी लागतं, आणि माझं दिवसाचं पाणी मोजून एक लिटर. त्यातलंच थोडं तीन पुड्यांत जायचं. आई असती तर केळं दे, पपई दे, रात्री अंजीर-मनुका भिजत घाल असं म्हणाली असती. पण त्या सगळ्यांत तेच पोटॅशियम भरलेलं. मग लॅक्टुलोजचं गोड औषध सुरू झालं, म्हणजे एका औषधासाठी दुसरं औषध. डायलिसिसच्या चार तासांत पोट फुगून कळा यायच्या आणि हाताला सुया लावलेल्या असताना उठताही येत नाही. एकदा मशीन मध्येच थांबवावं लागलं आणि तो सगळा दिवस वाया गेला.

त्याच सुमारास डॉक्टरांनी एक गोष्ट समजावून सांगितली आणि माझा निर्णय तिथेच झाला. निरोगी माणसाचं बहुतेक पोटॅशियम लघवीवाटे जातं. किडनी थांबली की आतडं आपला वाटा वाढवून जमेल तेवढं शौचावाटे बाहेर टाकतं. पोटच साफ होत नसेल, तर ती वाटही अडते. म्हणजे पोटॅशियम कमी करायला घेतलेली पुडी तेच पोटॅशियम जायची एक वाट बंद करत होती.

नवी पुडी सोडियम झिर्कोनियम सायक्लोसिलिकेटची. साधारण तीन मोठे चमचे पाणी पुरतं, तिला चव नाही, आणि ढवळून लगेच प्यायची. हीही विरघळत नाही, पण करकरत नाही. महत्त्वाचं म्हणजे हेमोडायलिसिसवर ती डायलिसिस नसलेल्या दिवशीच, दिवसातून एकदा, बहुधा 5 ग्रॅमपासून सुरू करतात. आधी आठवड्याला माझ्या 21 पुड्या व्हायच्या, आता चार होतात. डायलिसिसच्या पेशंटवर तिची जी मोठी चाचणी झाली, डायलाइझ नावाची, 2019 सालची, तिच्यात पुडी घेणाऱ्यांपैकी 41 टक्के लोकांचा मोठ्या खंडानंतरचा आकडा आटोक्यात राहिला. औषध नसलेली, नुसती खोटी पुडी घेणाऱ्यांत हे प्रमाण एक टक्का होतं. माझ्यापुरतं सांगायचं तर पोट दुसऱ्याच आठवड्यात ताळ्यावर आलं आणि लॅक्टुलोजची बाटली बंद झाली.

तिच्या दोन बाजू मात्र नीट बघायला हव्यात. पहिली पैशांची. एक पुडी जुनीच्या कितीतरी पट महाग पडते. पुड्या कमी लागत असल्या तरी महिन्याचं बिल मला जास्तच येतं, आणि डायलिसिस महात्मा फुले योजनेतून होत असलं तरी हा खर्च माझ्या खिशातून जातो. दुसरी सोडियमची. 5 ग्रॅममागे सुमारे 400 मिलिग्रॅम सोडियम पोटात जातं. माझं दोन डायलिसिसमधलं वजन वाढलं नाही, पण ज्यांच्या पायांवर सूज असते किंवा बीपी चढतं राहतं, त्यांनी हे डॉक्टरांशी आधी बोलावं. माझ्या शेजारच्या बेडवरचे काका जुन्याच पुडीवर आहेत. त्यांना सूज लवकर येते आणि पोटाची तक्रार नाही. त्यांच्या जागी मीही बदललं नसतं.

पाय लटपटायला लागले, छातीत धडधड वाटली किंवा ठोके चुकल्यासारखे वाटले, तर दोन्हींपैकी कुठलीच पुडी शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा. तिथे ईसीजी, कॅल्शियमचं इंजेक्शन आणि गरज पडली तर तातडीचं डायलिसिस, हेच उपाय.

पोट ज्याला छळतंय आणि खर्च कसाबसा झेपतोय, त्याने नव्या पुडीबद्दल एकदा विचारून बघावं असं मला मनापासून वाटतं. बदलल्यावर पहिले तीन-चार सोमवार रक्त द्यायचं मात्र चुकवू नका. डोस त्याच आकड्यावरून कमी-जास्त करतात, आणि पोटॅशियम फार खाली गेलं तर तेही हृदयाला घातकच.