क्वांटम डॉट टीव्ही घ्यायला जाताना एक जुनी सीडी सोबत न्या (५५ इंच, अकरा महिन्यांचा अनुभव)

मागच्या दिवाळीआधी कोल्हापुरात राजारामपुरीतनं ५५ इंचाचा क्वांटम डॉट टीव्ही घेतला, आता एक अख्खा पावसाळा काढून झालाय त्यामुळं लिहायला बसलोय. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मला सांगायचंय ते आतल्या क्वांटम डॉटच्या फिल्मबद्दल (उजेडाचा रंग बदलणाऱ्या अतिसूक्ष्म दाण्यांचा पातळ पडदा), आणि ती खरंच आत आहे का हे दुकानात उभं राहून कसं ओळखायचं त्याबद्दल.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. पार्टिकल इन अ बॉक्सचं गणित (छोट्या जागेत कोंडलेल्या कणाची ऊर्जा किती ते काढायचं) दरवर्षी फळ्यावर सोडवतो, पोरं लिहून घेतात, परीक्षेत उतरवतात आणि विसरतात. तेच गणित घरातल्या भिंतीवर उजेड पाडताना बघायचं होतं म्हणून एवढे पैसे घातले, नाहीतर साधा टीव्ही चालू होताच.

पहिल्या दुकानात सेल्समन म्हणाला, "सर, हा पण क्वांटमच आहे की." मी पेनड्राइव्हवर एक फोटो नेला होता, पूर्ण काळा आणि मधोमध एकच पांढरी उभी बारीक रेघ. तो लावायला सांगितला, चार-पाच फुटांवर उभा राहिलो आणि सीडीची चकाकती बाजू त्या रेघेकडं धरून हळूहळू तिरकी करत गेलो. सीडीवरच्या खाचा एकमेकींपासनं १.६ मायक्रॉनवर असतात, त्यामुळं ती उजेड रंगारंगात फोडते. साध्या एलईडी टीव्हीत निळ्या एलईडीवर पिवळा फॉस्फर (निळा उजेड गिळून दुसऱ्या रंगाचा सोडणारी पूड) असतो, म्हणून निळा रंग वेगळा दिसतो आणि पुढं हिरवा-पिवळा-तांबडा एकात एक मिसळलेला लांब पट्टा. त्या टीव्हीत तसाच पट्टा दिसला. दुसऱ्या दुकानात मात्र तीन सुट्या रेघा दिसल्या, निळी, हिरवी, लाल, आणि मधे चक्क अंधार. (लालाच्या जागी दोन-तीन बारीक रेघा दिसल्या तर तो वेगळ्या जातीचा लाल फॉस्फर समजायचा, वाईट नाही पण डॉट नव्हे.) दुकानातली दोन पोरं पण येऊन सीडीतनं बघून गेली. तिथंच ठरवलं.

आता या सुट्या रेघा येतात कुठनं. रेणूत इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या पायऱ्या सुट्या सुट्या असतात, मोठ्या स्फटिकात त्या इतक्या दाटतात की सलग पट्टाच होतो, आणि हा डॉट या दोन्हीच्या मधला, काहीशे ते काही हजार अणूंचा दाणा. कॅडमियम सेलेनाइडचं मोठं ढेकूळ घेतलं तर त्याची बँड गॅप (इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यात उडी मारायला लागणारी ऊर्जा) १.७४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसेल असा गडद लाल. त्याचाच दाणा पाच-सहा नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) केला की झकास लाल, अडीच-तीनचा केला की हिरवा! पदार्थ तोच, मिसळलं काहीच नाही, फक्त इलेक्ट्रॉनला फिरायला जागा कमी पडली आणि जागा कमी म्हणजे ऊर्जा जास्त. सगळे दाणे एका मापाचे असले की रंग शुद्ध, मापं वरखाली झाली की रंग पसरला, आणि खरी कसोटी तिथंच होती. एकिमोव्ह यांनी हा परिणाम काचेत दाखवला, ब्रूस यांनी द्रावणात, पण एकसारखे दाणे पाडायची चांगली रीत बावेंडी यांना १९९३ ला जमली. तिघांना २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

गुजरीत सोन्याचं काम करणारे आमचे मामा बघायला आले होते, त्यांना हे पटेना. "अरे, सोनं गुंजभर घे नाहीतर किलोभर घे, रंग तोच की." म्हटलं मामा, तुमच्या साजातल्या बारक्यातल्या बारक्या मण्यात पण अणू मोजता येणार नाहीत एवढे असतात, वीसेक नॅनोमीटरपर्यंत खाली या मग सोनं पाण्यात लालभडक दिसतं. फॅराडेनं १८५७ च्या सुमारास केलेलं तसलं लाल पाणी लंडनला अजून जपून ठेवलंय. तिथं कारण वेगळं, सोन्यातले इलेक्ट्रॉन सगळे मिळून हेलकावतात, पण मापानं गुण बदलतो हे खरंच. आणि काही नॅनोमीटरचा कण घेतला तर १०६४ अंशांची वाट बघायला लागत नाही, त्याच्या शेकडो अंश खालीच वितळतो, हे ऐकून मामा लई वेळ गप्प बसले.

टीव्हीकडं येतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेचा व्हिडिओ फोनवर वाइड कलरमध्ये काढला होता, जुन्या टीव्हीवर गुलाल म्हणजे नुसता एक सपाट गुलाबी डाग दिसायचा, यात उधळलेला वेगळा, अंगावर बसलेला वेगळा, पायरीवर पडलेला वेगळा. डोळ्यात पाणी आलं खरं सांगतो. पण साध्या केबलच्या चॅनेलवर फरक फारसा नाही, आणि व्हिविड मोड लावला तर माणसं भाजल्यासारखी दिसतात, मूव्ही मोडवरच ठेवा.

एक गैरसमज काढतो, या टीव्हीत डॉटला करंट देत नाहीत. मागनं निळा एलईडी, त्यातला काही उजेड डॉट गिळतात आणि हिरवा-लाल करून सोडतात, पुढं नेहमीचा एलसीडी पडदा, तो मागचा उजेड पूर्ण अडवू शकत नाही. म्हणून काळा रंग पूर्ण काळा नाही, रात्री लाइट घालवून बघितलं तर पांढऱ्या सबटायटलभोवती उजेड पसरतो. बाजूनं बसलं तर रंग फिका पडतो. आवाज सामान्य. फिटिंगवाला चार दिवस उशिरा आला, तीन फोन करायला लागले.

मला भीती होती दमटपणाची. एवढ्याशा दाण्यात बरेचसे अणू पृष्ठभागावरच असतात, त्यांचे मोकळे हात (शेजारी अणू नसल्यानं जोडायचे राहिलेले बंध) उजेड खाऊन टाकतात, म्हणून वरनं झिंक सल्फाइडचं कवच घालतात आणि फिल्म दोन्ही बाजूंनी सील करतात, हवा-पाणी आत गेलं की रंग मेला. आमच्या घरात जुलै-ऑगस्टला भिंतींना ओल येते. दर महिन्याला पांढरा स्क्रीन लावून कडा बघितल्या, सीडीतनं तीन रेघा बघितल्या, अजून तरी जशाच्या तशा.

पाचपैकी चार स्टार, एक कापला तो काळ्या रंगाचा. मामांना पण आता टीव्ही बदलायचाय, रविवारी सीडी घेऊन जाणार आहोत, यावेळी सीडी तेच धरणार म्हणतात.