विचेक की सक्रिय ब्राउनी कण: पहिल्या सिम्युलेशनसाठी काय घ्यावं?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला समूहगती घ्यायची ठरली की गाडी बहुतेक वेळा या दोन मॉडेलांपाशी अडते. आधी एवढंच ठरवा: तुम्हाला थवा अभ्यासायचा आहे की गर्दी?

थवा हवा असेल तर विचेक. तामाश विचेक आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या या मॉडेलात कण बिंदूवत असतात आणि वेग ठरलेला असतो. दर पायरीला कण १ एकक त्रिज्येतल्या शेजाऱ्यांची, स्वतःसकट, सरासरी दिशा घेतो, तिच्यात थोडा यादृच्छिक कोन मिसळतो आणि सरकतो. पायथनमध्ये पन्नासएक ओळींत काम होतं. फक्त कोनांची थेट सरासरी काढू नका. ३५९° आणि १° यांची सरासरी १८०° येते आणि कण नेमका उलटा पळतो. साइन व कोसाइनच्या बेरजा करून त्यावरून कोन काढा.

विचेकमध्ये फसगत होते ती पेटीच्या, म्हणजे कण ज्या चौकोनात फिरतात त्याच्या, आकारामुळे. छोट्या पेटीत नॉईज (तो यादृच्छिक कोन) कमी करत गेलं की शिस्त, म्हणजे सगळ्यांची एकच दिशा, हळूहळू आल्यासारखी दिसते. मोठ्या पेटीत मात्र ती एकदम उडी मारते आणि दाट पट्टे धावताना दिसतात. ग्रेग्वार आणि शाते यांनी २००४ मध्ये हे दाखवलं. घनता २ आणि वेग ०.५ असेल तर पेटीची बाजू २५६ घ्या, म्हणजे कण होतील १,३१,०७२. इथे प्रत्येक जोडी तपासत बसलात तर संगणक गुडघे टेकेल. पेटीचे १ × १ चे खण पाडा आणि फक्त शेजारचे खण पाहा. शिवाय ४०० कण पूर्ण विस्कळीत असले तरी शिस्तीचं माप (सगळ्या दिशांच्या सरासरीची लांबी, ० ते १) ०.०५ च्या आसपास येतं, त्याला शिस्त समजू नका.

गर्दी हवी असेल तर सक्रिय ब्राउनी कण, म्हणजे स्वतःच्या बळावर पुढे सरकणारे आणि यादृच्छिकपणे दिशा बदलणारे कण. त्यांत दिशा जुळवणं नसतंच. ते एकमेकांना फक्त ढकलतात, तरीही त्यांचे दाट पुंजके बनतात: समोरासमोर धडकलेले दोन कण दिशा वळेपर्यंत तिथेच अडकतात आणि तेवढ्यात मागून आणखी येऊन भिडतात. कणांनी क्षेत्राचा ०.६ भाग व्यापला आणि पेक्ले अंक (वेग × व्यास ÷ विसरण; विसरण म्हणजे यादृच्छिक धक्क्यांनी पसरण्याचा गुणांक) १०० ठेवला की हे हमखास दिसतं. मात्र कालपायरी फार बारीक लागते, विसरणाने स्वतःच्या व्यासाएवढं सरकायला कण जो वेळ घेतो त्याच्या ०.००००१ पट. ती मोठी ठेवली तर कण एकमेकांत घुसतात आणि पुढच्याच पायरीला पेटीबाहेर फेकले जातात. पेक्ले वाढवताना कणाला पुढे नेणारं बल स्थिर ठेवून विसरण कमी करा; बल वाढवलं तर कण जास्त दबतात आणि त्यांचा परिणामी व्यासच बदलतो.

हातात एकच सेमिस्टर असेल तर आम्ही विचेकच सुचवू. पुंजक्यांचाच प्रश्न असेल तर दुसरं घ्या, पण पहिले दोन आठवडे कालपायरी तपासण्यासाठी राखून ठेवा.