घोट्याचे फ्रॅक्चर : प्लेट की प्लास्टर? सोलापुरातील एका अस्थिरोग रुग्णालयाचा अनुभव

गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर माझ्या सासूबाई मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या आणि उजव्या घोट्याचे बाहेरचे बारीक हाड मोडले. पहिल्या ठिकाणी एक्स-रे पाहताच ‘उद्या सकाळी प्लेट बसवू’ असे सांगण्यात आले. ऑपरेशन का हवे, या प्रश्नाला ‘आता सगळे हेच करतात’ एवढेच उत्तर मिळाले. सासूबाईंना 15 वर्षांपासून मधुमेह असल्याने आमचे मन धजेना, म्हणून शहरातल्याच दुसऱ्या अस्थिरोग रुग्णालयात गेलो. हा अभिप्राय त्या दुसऱ्या रुग्णालयाविषयी आहे.

तेथील डॉक्टरांनी बाहेरच्या मोडीइतकेच लक्ष घोट्याच्या आतल्या बाजूकडे दिले. मोड सांध्याच्या पातळीवर होती, म्हणजे मोडीच्या उंचीवरून प्रकार ठरवणाऱ्या वेबर वर्गीकरणातील ‘बी’ प्रकार. ती त्याखाली असली तर बहुधा प्लास्टरवर भागते आणि बरीच वर असली तर बहुधा ऑपरेशन लागते. ‘बी’ प्रकारात मात्र सांधा स्थिर आहे की नाही, यावर सारे ठरते. म्हणून त्यांनी तात्पुरता स्लॅब (अर्धे प्लास्टर) बांधला आणि आठवड्याने, सूज उतरल्यावर, सासूबाईंना झेपेल तेवढा भार त्या पायावर देऊन उभे केले व पुन्हा एक्स-रे काढला. आतल्या बाजूची फट 4 मिलिमीटरच्या पुढे रुंदावली असती, तर तिकडचा अस्थिबंध (हाडांना जोडून ठेवणारा पट्टा) तुटून सांधा सरकतो आहे असे समजून प्लेटचा विचार करावा लागला असता. फट वाढलेली नव्हती. हे सारे त्यांनी पडद्यावर मोजून दाखवले, आणि आमच्या दृष्टीने फीचे पैसे तिथेच वसूल झाले.

मधुमेहाविषयीचे त्यांचे बोलणेही एकतर्फी नव्हते. ऑपरेशनची जखम चिघळण्याचा धोका जसा वाढतो, तशीच पायाची संवेदना कमी असलेल्या रुग्णाला प्लास्टर आत काचत असल्याचे कळत नाही, हेही त्यांनी सांगितले, आणि म्हणून बोटांचा रंग रोज पाहण्याची व पोटरी दुखू वा सुजू लागल्यास लगेच येण्याची ताकीद दिली. (शेजारच्या मावशींनी सुचवलेल्या हाडवैद्याचा विषय आम्ही तेथे काढलाच नाही.)

एक गोष्ट खटकली. प्लास्टर पूर्ण 6 आठवडे ठेवले गेले. स्थिर ‘बी’ प्रकारात 3 आठवडेही 6 आठवड्यांपेक्षा कमी पडत नाहीत, असे 2019 साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील अभ्यासात दिसले होते. मी तसे विचारल्यावर ‘मधुमेहात हाड सावकाश जुळते’ असे उत्तर मिळाले. ते मला पटले, पण हे आधीच सांगितले असते तर बरे झाले असते. प्लास्टर निघाले तेव्हा घोटा लाकडासारखा आखडला होता आणि फिजिओथेरपीला दीड महिना गेला.

बाकी व्यवस्था यथातथाच आहे. वेळ घेऊनही दोन तास बसावे लागते, आणि एक्स-रे तळमजल्यावर, डॉक्टर पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. पाय मोडलेल्या माणसाला खुर्चीत बसवून दोन वॉर्डबॉय जिन्याने वर नेतात, तेव्हा सासूबाई डोळे मिटून सिद्धेश्वराचे नाव घेत होत्या. पाचपैकी चार गुण. पाचवा लिफ्ट बसल्यावर.