एमएम ५४०चा नवा रेडिएटर : दहा महिन्यांनंतरचा अनुभव, आणि त्याच्या पाणी सोडण्याच्या तोटीविषयी थोडे अधिक

मागच्या मे महिन्यात, साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात माझ्या १९९६ सालच्या महिंद्रा एमएम ५४० जीपच्या बॉनेटच्या दोन्ही कडांतून वाफ बाहेर पडू लागली. तापमानाचा काटा तोपर्यंत निम्म्यावर निवांत उभा होता. माझे मेव्हणे पिण्याच्या पाण्याचा कॅन घेऊन पुढे धावले, तेव्हा त्यांचा हात धरून त्यांना थांबवावे लागले, कारण तापलेल्या रेडिएटरचे, म्हणजे इंजिनातले पाणी गार करणाऱ्या जाळीचे, टोपण उघडणे आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणे ही दोन्ही कामे ते एका दमात करणार होते. आम्ही पाऊण तास कठड्यावर बसून राहिलो आणि मग उतारावर गाडी जवळजवळ बंद ठेवूनच परत आलो.

ज्या मिस्त्रींकडे गाडी प्रथम नेली, त्यांनी झाकण न उघडताच ‘हेड उतरवावे लागेल, साहेब’ असे सांगितले. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा ठोकळा; त्या वाक्याची किंमत मला ठाऊक असल्यामुळे मी गाडी घरी आणली. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर टोपण काढून गाडी सुरू केली आणि रेडिएटरच्या गळ्यात विजेरी धरून पाच मिनिटे पाहत राहिलो. हेड गॅस्केट, म्हणजे त्या ठोकळ्याखालची सांधपट्टी, गेले असते तर तेथे बुडबुड्यांची रांग लागली असती. ती नव्हती, आणि ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा पांढरा थरही नव्हता. तेव्हा दोष रेडिएटरचाच असावा, असे मी ठरवले. ते निम्मेच खरे निघाले, पण त्याकडे पुढे येतो.

रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराने वरच्या टाकीचा डाख सोडवून ती उचलली, तेव्हा आतल्या नळ्यांची तोंडे प्रथमच पाहायला मिळाली. निम्म्याहून अधिक नळ्यांत तांबूस-पांढरा, चुन्याच्या खड्यासारखा थर बसला होता. त्याने एकीत सळई घातली, ती दोन बोटे आत जाऊन अडली. हे पाप माझेच होते, कारण कित्येक वर्षे मी या गाडीत घरच्या बोअरचे पाणी ओतत आलो होतो. ज्या पाण्याने आमच्या गिझरची कॉइल दर दोन वर्षांनी बदलावी लागते, ते पाणी रेडिएटरला कसे मानवेल, हा विचार मला शिवला नव्हता. सळई फिरवून नळ्या मोकळ्या करण्याचा पर्याय होता, परंतु जाळीच्या पात्या बोटाने दाबताच भुगा होऊन पडत होत्या.

ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या असलेला रेडिएटर स्वस्तात मिळत होता. तरीही मी तांबे-पितळेचा, नळ्यांच्या तीन रांगांचा नवा रेडिएटर घेतला, कारण तांब्या-पितळेला डाख देणारा माणूस मेढ्यातही सापडतो, तर प्लास्टिकची टाकी चिरली की ती फेकूनच द्यावी लागते. बसवणावळीसह साडेनऊ हजार रुपये गेले. जुने टोपण मात्र मी ठेवले. ते चकचकीत दिसत होते आणि नव्याला दोनशे रुपये पडत होते.

जुलैत मी हा अनुभव लिहिला असता, तर या रेडिएटरला निःसंकोच पैकीच्या पैकी गुण दिले असते. तेव्हा पाऊस कोसळत होता, बामणोलीकडच्या ओल्या रस्त्यावर काटा पाव रेघेच्या वर जात नव्हता आणि मी भेटेल त्याला या खरेदीची शिफारस करत होतो. ऑक्टोबरची उन्हे लागली आणि शेताकडच्या खड्या चढावर, लो-फोरमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या संथ गतीत) पहिल्या गिअरवर, काटा पुन्हा तीन चतुर्थांशाच्या पुढे सरकला. कारण उघड होते, पण ते मला दिसायला आठवडा गेला. अशा चढावर गाडी माणसाच्या चालीने जाते, त्यामुळे समोरून वारा मिळत नाही, आणि इंजिन मात्र जोरात फिरत असते. शिवाय या गाडीच्या प्यूजो एक्सडीपी ४.९० इंजिनात डिझेल आधी हेडमधील छोट्या कक्षात पेटते, त्यामुळे थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजिनांपेक्षा अधिक उष्णता पाण्यात उतरते. ती बाहेर काढण्याचा सगळा भार अशा वेळी एकट्या पंख्यावर असतो, आणि माझ्या गाडीत पंख्याभोवतीचा पत्रा, म्हणजे मेकॅनिक ज्याला काउल म्हणतात तो, नव्हताच. मागच्या कोणत्या तरी दुरुस्तीत तो ‘आडवा येतो’ म्हणून निघाला होता आणि परत बसलाच नव्हता.

हा पत्रा नसेल तर पंखा जाळीच्या फक्त समोरच्या गोलातून हवा खेचतो, चारही कोपरे रिकामे राहतात, आणि पात्यांच्या टोकांवरून गरम हवा पुन्हा पुढे येऊन तीच फिरत राहते. मी लोखंडी कपाटे बनवणाऱ्या कारागिराकडून सातशे रुपयांत पत्रा वाकवून घेतला. पात्यांची रुंदी निम्मी पत्र्याच्या आत आणि निम्मी बाहेर राहील अशी त्याची खोली ठेवली, आणि सभोवती बोटभर जागा सोडली, कारण इंजिन रबरी माउंटिंगवर हलते आणि जागा कमी पडली तर पहिल्याच खड्ड्यात पाती पत्र्याला घासतात. जाळीसमोर हौसेने लावलेले दोन मोठे गोल दिवेही उतरवले. वाटेत उभे राहून ते वारा अडवत होते, हे कळायला मला अकरा वर्षे लागली.

थर्मोस्टॅटविषयी, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेविषयी, मात्र थोडे रागाने लिहावे लागेल. ‘आपल्या हवेत तो लागत नाही’ असे सांगून तो काढून टाकण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे, आणि माझाही असाच गेलेला होता. तो पूर्ण उघडल्यावर पाण्याला फारसा अडथळा राहत नाही, त्यामुळे तो काढल्याने चढावर फायदा जवळजवळ शून्य होतो. उलट डिसेंबरच्या सकाळी इंजिन तापतच नाही, पांढरा धूर सोडते, खडखडते आणि डिझेल पिते. ८२ अंशांना उघडणारा नवा थर्मोस्टॅट बसवल्यापासून सकाळचा धूर निम्म्या वेळात थांबतो.

आता त्या दोनशे रुपयांविषयी. नोव्हेंबरात एके दिवशी पहाटे बॉनेट उघडले, तर वरचा होज पाइप चोखून टाकलेल्या उसाच्या चिपाडासारखा चपटा झालेला होता. टोपणात दोन झडपा असतात. एक दाब धरून ठेवते; दुसरी इंजिन गार होताना बाजूच्या बाटलीतील कूलंट, म्हणजे पाण्यात मिसळायचे गंजरोधक द्रव, परत आत घेते. माझ्या टोपणाची दुसरी झडप गंजून चिकटली होती, म्हणून आत निर्वात होऊन पाइप पिचकत होता, आणि पहिलीची रबरी चकतीही कडक झाल्यामुळे दाब टिकत नव्हता. कासच्या पठारावर, म्हणजे सुमारे १,२०० मीटर उंचीवर, उघडे पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळते. ०.९ चा आकडा (म्हणजे ०.९ बार दाब) असलेले टोपण दाब नीट धरत असेल तर तोच बिंदू ११५च्या पुढे जातो. तेव्हा दोनशे रुपये वाचवून मी हे जवळजवळ वीस अंश गमावले होते. टोपण बदलले आणि पाइप पुन्हा गोल झाला.

मोजमापासाठी मी दुरून तापमान दाखवणारे पिस्तूल घेतले. त्यात एक खोच आहे. चकचकीत ॲल्युमिनियमवर ते खोटा, कमी आकडा दाखवते, म्हणून थर्मोस्टॅटच्या आवरणावर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर नेम धरावा लागतो. पट्टी नसताना ६१ दाखवणारी तीच जागा पट्टीवर ८७ निघाली. मार्चच्या दुपारी शेताचा चढ संपल्या संपल्या ९४, आणि गाडी उभी करून इंजिन दोन मिनिटे मोकळे फिरवल्यावर ८८, हे माझे सध्याचे आकडे आहेत. डॅशबोर्डवरच्या काट्यावर माझा विश्वास उरलेला नाही. त्याची अर्थिंगची तार घासून बसवली, तेव्हा तोच काटा जागच्या जागी एक रेघ खाली आला.

आतले मिश्रण मी एक भाग कूलंट आणि दोन भाग डिस्टिल्ड वॉटर असे ठेवतो. आमच्याकडे पाणी गोठत नाही. गंज रोखण्यासाठी एवढे पुरते, आणि कूलंट जितके जास्त, तितकी मिश्रणाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता थोडी कमी होते.

एवढे सगळे नीट झाल्यावर तक्रारीला जागा राहू नये. पण या रेडिएटरची पाणी सोडण्याची तोटी! खालच्या टाकीला ती अशा कोनात डाखली आहे की तिचे तोंड बरोबर चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, पुढच्या आडव्या लोखंडी चॅनेलवर येते. तोटी उघडली की हिरवे कूलंट भांड्यात न पडता चॅनेलवर आपटते, तेथून दोन्ही बाजूंनी चॅसिसमध्ये शिरते आणि चार दिवस भलत्याच ठिकाणांहून ठिबकत राहते. तोंड आणखी अर्धा इंच पुढे असते, तर काहीही बिघडले नसते. मी दुकानात जाऊन फोटो दाखवला. दुकानदारांनी तो शांतपणे पाहिला आणि म्हणाले, ‘साहेब, एवढे वाकून आजवर कुणी पाहिले नाही.’ बदलून मिळेल का, या प्रश्नावर त्यांनी सांगितले की गळतीला हमी आहे, दिशेला नाही.

सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा तोटीवर चढवून मी कूलंट भांड्यापर्यंत आणले खरे, परंतु तो चढवताना तोटीला मिळालेल्या पिळामुळे तिचा आटा सैल झाला. ट्रॅक्टरच्या दुकानातून पितळी तोटी आणून टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवली, तरी रात्रीतून थेंब येतोच. हमीत बसण्याइतकी गळती आता झाली आहे, पण तोटी बदलल्यामुळे हमी संपली, असे दुकानदारांचे म्हणणे आहे. मी गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवतो. काल सकाळी त्यावर आठ आण्याएवढा हिरवा डाग होता. आज तो रुपयाएवढा आहे.