सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या (ईटीपी) नावाखाली ४,३२,८७० रुपयांची टोपी

आकडा मुद्दाम पूर्ण लिहिलाय. घरी अजून 'तीनेक लाख' एवढंच माहीत आहे.

कोरेगाव तालुक्यात आमचं पनीरचं छोटं युनिट आहे. दिवसाला ३,००० लिटर दूध. पनीर निघाल्यावर उरतं ते हिरवट पाणी, त्याचा सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण मोजायचा आकडा, लिटरला ५०-६० हजार मिलिग्रॅमच्या घरात, आणि सोडायची मर्यादा २५०. ईटीपी सांभाळणाऱ्याला यातली मारामारी सांगायला नको. त्यात प्रदूषण मंडळाची नोटीस आलेली, एरेशनच्या टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचं लाइटबिल वेगळं. नोटीस आल्याच्या आठव्या दिवशी पाणी साफ करून देणाऱ्या एका कंपनीचा फोन. ही बातमी बाहेर जाते कशी, कोण पोचवतं, हे मला आजही कुणाला तरी विचारायचंय.

माणूस इनशर्टातला, पुण्याचा, दादा दादा करणारा. बरणीत आमचंच गढूळ पाणी घेतलं, चमचाभर पावडर टाकून ढवळलं. दहा मिनिटांत गाळ खाली, वर काचेसारखं पाणी. "दादा, ही जिवाणूंची कमाल." सोबत स्टीलचा डबा, नॅनो बबल का काय. तो लावला की ब्लोअर बंद, बिल निम्मं. किंमत ३,८५,०००, जीएसटी धरून ४,५४,३००.

मी अगदीच भोळा नव्हतो. लॅबचा रिपोर्ट आल्याशिवाय रुपया सुटणार नाही म्हणालो. म्हणून पिंपभर पाण्यावर पावडर मारून मंगळवारी सकाळी अकराला त्याने नमुन्याची बाटली नेली. बुधवारी संध्याकाळी सहाला व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट हजर. सीओडी १८०, बीओडी (जिवाणूंना घाण खायला लागणारा ऑक्सिजन) २२. आणि बीओडीच्या ओळीतच छापलेलं: २७ अंश, ३ दिवस. म्हणजे तपासणीलाच तीन दिवस! मंगळवारची बाटली आणि बुधवारी रिपोर्ट. पंधरा वर्षं मी हे रिपोर्ट फायलीला लावतोय, ती ओळ मला पाठ आहे. पण मी बघितला तो २२चा आकडा. बोटांनी मोठा करून बघितला, बायकोला दाखवला, आणि गुरुवारी बँक उघडताच २,७२,५८० आरटीजीएस केले. महिन्याभराने भाच्याने तोच फोटो बघून एवढंच विचारलं, "मामा, बाटली मंगळवारी गेली ना?" मला खुर्चीतून उठवेना.

लॅबला फोन लावायचा तर रिपोर्टवरच्या नंबरला लावू नका, लॅबचा नंबर स्वतः शोधा. मी उशिरा लावला. त्या क्रमांकाचा रिपोर्ट त्यांनी दिलेलाच नव्हता.

डबा बसवल्यावर आणखी १,३६,२९० गेले. पावडरचे २४,००० रोख, बिलाशिवाय. हो, जीएसटी वाचवायला. घाला शिव्या. पण नोटिशीची मुदत डोक्यावर असताना तुमच्यापैकी किती जणांनी वेगळं केलं असतं?

ब्लोअर बंद केला आणि आठवड्यात एरेशनची टाकी काळी पडली, सडक्या अंड्यांचा वास शेजारच्या उसापर्यंत. वर्षानुवर्षं जगवलेले जिवाणू हवेविना मेले. शेण कालवून, दुसऱ्याच्या प्लांटमधला गाळ टँकरने आणून टाकी परत धरायला २१ दिवस लागले. कुणीही काहीही सांगो, चालता ब्लोअर बंद करू नका.

डबा उघडला तर आत माशांच्या टाकीचा पंप आणि निळा दिवा. पावडर जिभेवर ठेवली तर तुरटी! आजी रांजणात फिरवायची तीच. तुरटी गाळ बसवते, पण दुधाची विरघळलेली साखर पाण्यातच राहते आणि सीओडी तिचाच. जिवाणूंना काम करायला दिवस लागतात, दहा मिनिटं नाही. पावडरीत कोंडाही होता, पण जिवाणूंचं खरं कल्चरही कोंड्यावर येतं, तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका.

आता तक्रारीची वरात. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी, "कंपनी पुण्याची, तिकडे जा." म्हटलं, हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यावी लागते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आहे. तर, "तुम्ही वकील आहात का?" तिसऱ्या खेपेला फक्त अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का सापडेना. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तो चाळिसाव्या दिवशी, तोवर खातं रिकामं. पैसे गेले की त्याच तासाला लावा. ग्राहक आयोगाचं वकील म्हणाले, खरेदी धंद्यासाठीची, ग्राहक म्हणून उभं राहणं अवघड. ज्यांनी नोटीस काढली ते म्हणतात, यंत्र कुणाचं घेतलं तो तुमचा प्रश्न, पाणी मर्यादेत हवं. म्हणजे दंड भरायला मी उद्योजक आणि रडायला मी एकटा! जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला तर नोंदणी रद्द झालेली. लॉगिनसुद्धा लागत नाही त्याला, दोन मिनिटांचं काम. आरटीजीएसच्या आधी करायचं होतं.

पनीरचं पाणी आता वेगळ्या टाकीत धरतो, गोठेवाले नेतात. हे आधी केलं असतं तर निम्मी गरजच नव्हती.

परवा त्यांच्या वकिलाची नोटीस आली, उरलेले ४५,४३० व्याजासह भरा म्हणून. ती घेऊन ठाण्यात गेलो, म्हटलं आता तरी पत्ता सापडला. हवालदारांनी शांतपणे वाचली आणि परत दिली. "बघा, तेच तुमच्याकडे पैसे मागतायत. म्हणजे हे दिवाणीच."