ड्रायव्हर अडकतोय? आधी लॉकडेप, मग केसीसॅन

नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कात गेल्या आठवड्यात एका ज्युनियरने तर्री पोह्याची प्लेट हातात धरूनच विचारलं, "दादा, रात्री टेस्ट लावून जातो, सकाळी बोर्ड गप्प पडलेला असतो. लॉकचाच घोळ दिसतोय. प्रिंटके टाकू, लॉकडेप लावू की केसीसॅन?" लिनक्सचा ड्रायव्हर लिहिणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. लॉक म्हणजे एका वेळी एकालाच डेटाला हात लावू देणारं कुलूप. प्रिंटके म्हणजे कोडमधून कन्सोलवर ओळी छापणं, तर लॉकडेप आणि केसीसॅन ही लिनक्सच्या गाभ्यातलीच, म्हणजे कर्नलमधलीच, लॉकच्या चुका पकडणारी साधनं.

प्रिंटके आधी बाजूला ठेवा. सिरियल कन्सोल ११५२०० बॉडवर असेल तर सेकंदाला साधारण ११,५०० अक्षरं जातात; म्हणजे ८० अक्षरांच्या एका ओळीला ७ मिलिसेकंद. इंटरप्ट हँडलर, म्हणजे हार्डवेअरने हाक मारली की हातातलं काम थांबवून चालणारा कोड, मायक्रोसेकंदांत आटोपतो. मध्येच एवढा खोळंबा घातला की सगळं वेळापत्रकच बदलतं, बग दिसेनासा होतो आणि प्रिंटके काढलं की पुन्हा हजर. माझे दोन दिवस असेच गेले आहेत.

लॉकडेप २००६ साली कर्नल २.६.१८ मध्ये आला. मशीन अडकायची तो वाट बघत नाही, म्हणून माझा त्याच्यावर एवढा भरवसा. कोणता लॉक कोणत्यानंतर घेतला, याची तो नोंद ठेवतो. एका वाटेने अ नंतर ब आणि तासाभराने दुसऱ्या वाटेने ब नंतर अ घेतला, तरी तो ओरडतो, कारण दोन्ही वाटा एकदम चालल्या तर एकमेकींसाठी अडकून बसतील. आपल्या नागपूरच्या डायमंड क्रॉसिंगवर, जिथे रेल्वेचे रूळ एकमेकांना छेदतात, गाड्या भिडायची वाट कोणी बघत नाही. कोणते दोन मार्ग एकाच वेळी द्यायचे नाहीत हे आधीच ठरलेलं असतं. तसंच हे.

माझ्या ड्रायव्हरचं राइट फंक्शन बफरचा लॉक साध्या स्पिन_लॉकने (लॉक मिळेपर्यंत जागेवरच फिरत राहणाऱ्या) घ्यायचं आणि तोच लॉक इंटरप्ट हँडलरही घ्यायचा. लॉक हातात असताना त्याच कोरवर इंटरप्ट आला, तर हँडलर लॉकसाठी फिरत राहणार आणि लॉक सोडणारा कोड त्याच्याखाली दबलेला. हा योग जुळायला तासन्‌तास लागायचे. लॉकडेपने पहिल्याच मिनिटात 'इनकन्सिस्टंट लॉक स्टेट' छापलं, स्टॅकसकट. राइटमध्ये स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह केलं, म्हणजे लॉक हातात असेपर्यंत त्या कोरवरचे इंटरप्ट बंद, आणि प्रश्न मिटला.

त्याच्या मर्यादाही आहेत. जी वाट एकदाही चालली नाही, ती त्याला दिसत नाही. म्हणून मॉड्यूल काढून पाहा, सस्पेंड करून पाहा, एरर मुद्दाम आणून पाहा. आणि पहिली तक्रार छापली की तो स्वतःच बंद होतो. एकाच प्रकारच्या दोन डिव्हाइसचे लॉक तो एकच क्लास धरतो, म्हणजे एकच लॉक समजतो, आणि दोन्ही एकापाठोपाठ घेतले की उगाच ओरडतो. तिथे हा दुसरा लॉक मुद्दाम घेतोय असं सांगणारं म्यूटेक्स_लॉक_नेस्टेड लागतं, पण क्रम खरोखर ठरलेला आहे याची खात्री झाल्याशिवाय ते वापरून त्याचं तोंड बंद करू नका.

सोबत कर्नलचं डीबग अ‍ॅटॉमिक स्लीप हे सेटिंग चालू ठेवाच; जिथे झोपायला मनाई आहे तिथे कोड झोपू शकतो का, हे ते बघतं. स्पिनलॉक धरून जीएफपी_कर्नलने (ही मागणी झोपू शकते) मेमरी मागितलीत तर लगेच कळेल.

केसीसॅनचा रोग वेगळा: लॉक घ्यायचाच राहिला असेल, तर तो शोधतो. काही अडकत नाही, पण काउंटर चुकतोय, बफरमध्ये भलताच डेटा येतोय, तेव्हा त्याच्याकडे जा. डीफॉल्ट सेटिंगमध्ये साधारण दर ४००० व्या मेमरी अ‍ॅक्सेसला तो थोडा थांबतो (टास्कमध्ये ८० मायक्रोसेकंदांपर्यंत) आणि तेवढ्यात त्याच जागेला दुसरं कोणी हात लावतं का ते बघतो. म्हणजे सापडणं नशिबावर. टेस्ट लांब चालवावी लागते. कर्नल ५.८ किंवा त्यापुढचा हवा, ६४ बिट एआरएमवर ५.१७ पासूनचा. लॉकडेप आणि केसीसॅन दोन्ही एकदम लावू नका, कर्नल फार रेंगाळतो.

ज्युनियरचा बोर्ड ४.१९ वर होता, त्यामुळे केसीसॅनचा प्रश्नच उरला नाही. संध्याकाळी त्याने लॉकडेप लावला, तर पहिली तक्रार आली टचस्क्रीनच्या ड्रायव्हरची. सध्या तो तीच दुरुस्त करत बसलाय, कारण ती मिटेपर्यंत लॉकडेप त्याच्या ड्रायव्हरपर्यंत पोचणारच नाही.