बाही सोडू नका: ज्युदोचे अकरा महिने

मागच्या जूनमध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी ज्युदो सुरू केला. सातपूर एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम करतो, शिफ्ट दर आठवड्याला बदलते आणि त्याआधी कुठलाच खेळ नियमाने खेळलो नव्हतो. नाशिकमध्ये मोठ्या वयात कुणाला हे सुरू करायचं असेल, तर त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहितोय.

सुरुवात चुकीच्या जागी झाली. घराजवळ पडतो म्हणून एक क्लास धरला. तिथे मुलांच्या खेळघरात असतात तशा फोमच्या पातळ मॅट होत्या, एकमेकींत अडकवायच्या. थोडी धावपळ झाली की त्यांच्यात फट पडायची. तिसऱ्या आठवड्यात माझ्या डाव्या पायाची करंगळी त्या फटीत अडकली आणि हाड मोडलं. सेफ्टी शूज घालता येईनात म्हणून कामावर बिनपगारी रजा टाकावी लागली. करंगळी जुळली, पण एका गोष्टीचा राग अजून आहे. तिथे पडायला शिकवायच्या आधीच पाडायला सुरुवात केली होती. पहिल्याच दिवशी ओ-सोतो-गारी! समोरच्याचा पाय मागून छाटून त्याला सरळ पाठीवर टाकायचा हा डाव. नवख्या माणसाचं डोकं यात मागच्या मागे आपटतं. जपानी शाळांमध्ये ज्युदोत डोक्याला ज्या गंभीर दुखापती झाल्या, त्यांत हा डाव वारंवार आढळला आहे. हे मला नंतर कळलं, शिकवणाऱ्याला आधी माहीत असायला हवं होतं.

ऑगस्टपासून गंगापूर रोडच्या बाजूला दुसऱ्या ठिकाणी जातो. हॉल पत्र्याचा आहे, पंखे दोनच, पण मॅट जाड आणि घट्ट बसवलेल्या. सरांनी पहिले सहा आठवडे मला कुणाला हातही लावू दिला नाही. फक्त उकेमी, म्हणजे पडण्याची कला. आधी झोपून, मग उकिडवं बसून, मग उभं राहून आणि शेवटी खांद्यावरून कोलांटी घेत. हनुवटी छातीला टेकवायची, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर. हात अंगापासून थोडा तिरका ठेवून तळव्यासकट पूर्ण मॅटवर मारायचा, म्हणजे झटका एका जागी न बसता हातभर पसरतो. कोपर आधी टेकलं तर गेलंच. रोज शंभर वेळा पडायचं. कंटाळा आला नाही असं म्हणणार नाही, पण आता कुणी उचलून टाकलं तरी मान आपोआप आत जाते.

माझे आजोबा सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावच्या तालमीत कुस्ती खेळायचे. लाल मातीत हळद, तेल, ताक कालवलेलं असायचं, तो वास मला अजून आठवतो. त्यामुळे ज्युदो मला परका वाटलाच नाही. इप्पोन-सेओई-नागे पहिल्यांदा पाहिला तेव्हा तोंडातून ‘धोबीपछाड!’ असंच निघालं. काता-गुरुमा, समोरच्याला खांद्यांवर आडवा उचलून टाकायचा डाव, म्हणजे बराचसा आपला कलाजंग. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो विद्यार्थी असताना आपल्यापेक्षा धिप्पाड जोडीदाराला हरवण्यासाठी पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तकं चाळत बसले आणि तिथून त्यांनी हा डाव बसवला. पुढे १८८२ साली तोक्योतल्या एइशो-जी मंदिरात बारा चटयांच्या जागेत त्यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले जीवघेणे प्रकार सरावातून बाजूला काढले. जोडीदार दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला उभा राहिला पाहिजे, या हिशोबाने सगळी रचना आहे. कुस्तीपेक्षा मोठा फरक कपड्याचा. कुस्तीत अंग धरायचं, इथे बाही आणि कॉलर धरायची. पकड कपड्यावर असल्यामुळे वजनाने कमी माणूसही मोठ्याचा तोल काढू शकतो. तोल काढणं म्हणजे कुझुशी. ते जमलं नाही तर पुढचा डाव नुसती ओढाताण होते, आणि मी चार महिने ओढाताणच केली.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला बसलो.

नोव्हेंबरमधली गोष्ट. आमच्या क्लासमध्ये पंचवटीहून येणारी दहावीतली एक मुलगी आहे, ब्राउन बेल्ट. वजनाने माझ्यापेक्षा वीस किलो कमी, पण तिने मला टाकलं की अंगाला कुठेच दुखत नाही. मी ओ-गोशी शिकत होतो, कमरेवर घेऊन फिरवायचा डाव. इतके दिवस अडत होता आणि त्या दिवशी अचानक जमला. ती कमरेवरून अलगद वर गेली आणि त्या आनंदात मी तिची बाही सोडली. ती खांद्यावर पडली. आवाजच वेगळा आला, तळहाताचा फटका नाही, थप्प असा. ती उठून बसली, खांदा दोनदा फिरवून पाहिला आणि शांतपणे म्हणाली, “काका, बाही सोडू नका.”

सर लांबून बघत होते. ओरडले नाहीत. त्यांनी मला समोर उभं करून दहा वेळा हळूहळू टाकलं आणि शेवटच्या क्षणी आपला डावा हात काय करतो ते दाखवलं. समोरचा खाली जात असताना त्याची उजवी बाही वर ओढून धरायची. त्याने त्याचं अंग कुशीवर वळतं, डोकं वर राहतं आणि डावा हात मॅटवर मारायला मोकळा मिळतो. ही ओढ अर्ध्या सेकंदाचीही नसते. मला ती बसायला दोन महिने लागले. ती मुलगी तीन दिवस आली नाही. परीक्षा होती म्हणाली, पण ते तीन दिवस मला रात्रपाळीला मशीनसमोर उभं राहवत नव्हतं.

तेव्हापासून कुणी विचारलं ना की क्लास कसा निवडायचा, तर मी मेडल, फोटो, बेल्ट काही बघायला सांगत नाही. बाजूला अर्धा तास बसा आणि टाकणाऱ्याचा हात बघा. पडणाऱ्याची बाही शेवटपर्यंत हातात राहत असेल तर तिथे शिका. सुटत असेल तर घरी या. माझ्या पहिल्या क्लासमध्ये सुटत होती, मला तेव्हा ते दिसलंच नव्हतं.

सर कधीकधी डोळे मिटून उचिकोमी करायला लावतात, म्हणजे न टाकता डावात शिरायचा तेवढाच सराव, पुन्हा पुन्हा. समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते बाहीतून हाताला कळतं. दृष्टिबाधित खेळाडूंचा ज्युदो दोघांनी पकड घेतल्यावरच सुरू होतो. पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये कपिल परमार यांनी ६० किलो गटात कांस्य मिळवलं, ज्युदोतलं भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक पदक. डोळे मिटून दहा मिनिटं सराव केला की त्या पदकामागे काय असेल याचा थोडा अंदाज येतो.

ड्रेसबद्दल. कराटेचा पातळ ड्रेस घेऊ नका. मी आधी तोच घेतला आणि पहिल्याच आठवड्यात काखेत फाटला. ज्युदोगीचं, म्हणजे ज्युदोच्या ड्रेसचं, कापड जाड, भाताच्या दाण्यासारख्या विणीचं असतं. गार पाण्यातच धुवा आणि सुती असल्यामुळे एक साइज मोठी घ्या, आटते. पावसाळ्यात मात्र हाल. नाशिकच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत माझी ज्युदोगी दोन-दोन दिवस वाळत नव्हती, पंख्याखाली टाकली तरी कुबट वास यायचा. जमलं तर दोन ठेवा.

शरीराचं म्हणाल तर बोटांचे सांधे सकाळी आखडतात. पकडीने नखं दुखावतात, म्हणून दोन बोटांना टेप लावूनच उतरतो. जानेवारीत पहाटे सहाला मॅट बर्फासारख्या गार असतात, वॉर्म-अप टाळलात तर पाठ धरलीच समजा. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारूनच या. सेकंड शिफ्टला सकाळची बॅच मिळते, फर्स्टला संध्याकाळची, थर्डच्या आठवड्यात सगळंच बुडतं. त्यामुळे माझी प्रगती बाकीच्यांपेक्षा हळू आहे, बेल्टही अजून पिवळाच. रांदोरीत, म्हणजे मोकळ्या लढतीत, अकरा महिन्यांत मी मोजून सहा वेळा कुणाला नीट टाकलंय. सहाही वेळा कुणाबरोबर, कुठल्या डावावर, सांगू शकतो.

परवा ज्युदोगीची उजवी बाही कोपराजवळ विरलेली दिसली. माझी बाही सगळे तिथेच धरतात. सिडकोत आमच्या टेलरकडे आतून दुहेरी कापड लावायला दिली आहे. त्याने विचारलं, एवढं जाड कापड एकाच जागी कसं झिजलं? मी त्याची बाही धरून दाखवली.